पहिला अलार्म कोणत्या गाडीवर?

गाडीच्या वायरिंगबद्दल आलेल्या पत्रांपैकी अलार्म आणि रिमोट स्टार्टरचे (रिमोटने इंजिन चालू करणाऱ्या यंत्राचे) प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आयटीआय करून सीएसटी रोडवरच्या एका दुकानात हेल्पर म्हणून लागलो आहे. स्पीकर, दिवे, रिव्हर्स कॅमेरा बसवता येतो. आता अलार्म आणि रिमोट स्टार्टर शिकायचा आहे. हात बसवायला गाडी कोणती निवडावी?
– एक वाचक, कुर्ला

उत्तर : गाडी चावी फिरवून चालू होणारी हवी. तिला इमोबिलायझर (चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ न देणारं कुलूप) नसावा, एअरबॅग नसावी आणि चारही दारं बिजागरीवर उघडणारी असावीत. जुनी मारुती ८००, पहिल्या पिढीतली अल्टो, सुरुवातीच्या वॅगनआर आणि सँट्रो, त्यातही बेस मॉडेल, ही शिकायची गाडी. दिसायला कितीही साधी असली तरी पुश-बटणाची गाडी पहिल्या वर्षी उघडू नका. तिथे दार, लॉक आणि दिवे यांचे निरोप दोन वायरींच्या डेटा लाइनवरून जातात, आणि तिथे वायर सोलून जोड मारला तर नवीन कंट्रोल युनिटचं बिल दुकानदाराला येतं.

इमोबिलायझर आहे की नाही हे मॉडेलच्या नावावरून ठरवू नका. एकाच नावाच्या गाडीत एका वर्षी नसतो, पुढच्या वर्षी असतो. चावीच्या प्लास्टिकच्या डोक्याला स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल दोन-तीन वेढे घट्ट गुंडाळा आणि गाडी चालू करून पाहा. इंजिन नेहमीसारखं चालू राहिलं तर चावीत चिप नसण्याची शक्यता मोठी. सेल्फ फिरूनही इंजिन पकडलं नाही, किंवा पकडून क्षणात बंद पडलं, तर चिप आहे. डॅशबोर्डवर चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकला तर शंकाच नको. चिपवाल्या गाडीत अलार्म बसवता येतो. रिमोट स्टार्टरसाठी मात्र बायपास मॉड्यूल (चिप जवळ असल्याचं भासवणारी डबी) लावावं लागतं किंवा दुसरी चावी डॅशबोर्डखाली लपवावी लागते. म्हणजे कंपनीने दिलेलं कुलूप आपणच उघडं ठेवायचं. शिकाऊ माणसाने यात हात घालू नये, आणि मुरलेल्यानेही गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांगितल्याशिवाय घालू नये.

ओम्नी आणि ईको स्वस्तात मिळतात म्हणून मोह होतो. सायरन, इंडिकेटर आणि सेल्फचा करंट तोडणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) एवढं त्यांच्यावर छान शिकता येतं. सेंट्रल लॉकिंग मात्र अडतं, कारण सरकत्या दारात सलग वायर नेता येत नाही. संपर्कपट्ट्या बसवाव्या लागतात आणि त्या धुळीने, पाण्याने खराब होतात.

गाडी मिळाली की आधी वायरी ओळखा. बल्बवाला टेस्टर घरी ठेवा, डिजिटल मल्टिमीटरच घ्या. टेस्टरचा बल्ब जास्त करंट ओढतो. चुकून एअरबॅगच्या किंवा ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) वायरीला टेकला तर नुकसान होतं. पिवळ्या स्लीव्हच्या आणि पिवळ्या कपलरच्या (जोडणीच्या प्लगच्या) वायरी, म्हणजे एअरबॅगच्या, दिसल्या तर मीटरसुद्धा लावू नका. चावीच्या स्विचमागच्या कपलरवर मीटरचं काळं टोक अर्थला (गाडीच्या उघड्या लोखंडाला) धरून एकेक पिन तपासा. चावी काढलेली असतानाही १२ व्होल्ट दाखवते ती कायमची पॉझिटिव्ह. चावी ‘ऑन’ला आल्यावर १२ दाखवते आणि सेल्फ मारतानाही टिकते ती मुख्य इग्निशन. ‘ऑन’ला असते पण सेल्फ मारताना शून्यावर जाते ती ब्लोअर वगैरेंची दुसरी इग्निशन किंवा अ‍ॅक्सेसरी. फक्त सेल्फ मारतानाच जिवंत होते ती सेल्फची. रंगावर विसंबू नका. जुन्या गाडीत कुणीतरी आधी हात घातलेला असतोच. नवशिके अलार्मची इग्निशन वायर अ‍ॅक्सेसरीला जोडतात आणि प्रत्येक सेल्फच्या वेळी मॉड्यूल (अलार्मची मुख्य डबी) बंद होऊन पुन्हा चालू होतं. त्या वेळी दोष मॉड्यूलला दिला जातो.

दाराच्या पिना (दार उघडल्याचं सांगणारे स्विच) या गाड्यांत बहुधा निगेटिव्ह असतात, म्हणजे दार उघडलं की वायर अर्थ होते. काही बेस मॉडेलमध्ये मागच्या दारांना पिनच नसते. मागचं दार उघडून केबिनचा दिवा लागतो का पाहा. लागत नसेल तर त्या दाराला अलार्म आंधळा राहील. पीन वेगळी बसवा किंवा तसं बिलावर लिहून द्या.

सेल्फ तोडायला पाच पिनांचा ३०/४० अँपिअरचा रिले वापरा. सेल्फची वायर कापून एक टोक ३० ला आणि दुसरं ८७ए ला. कॉइलच्या ८५ आणि ८६ वर १एन४००७ डायोड, डायोडवरची पट्टी पॉझिटिव्हकडे. असं जोडलं की मॉड्यूल मेलं तरी गाडी चालू होते. फ्युएल पंप किंवा इग्निशन तोडणारी जोडणी करू नका, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी. रिले सैल झाला तर गाडी फ्लायओव्हरवर चालत्या अवस्थेत बंद पडेल. सेल्फ तोडला असेल तर फार तर ती जागेवरून निघणार नाही.

इंडिकेटरचा हिशेब कुणी करत नाही, म्हणून फ्यूज उडतात. २१ वॉटचे चार आणि ५ वॉटचे दोन, असे बल्ब एकत्र लुकलुकले की ९४ वॉट होतात, म्हणजे १२ व्होल्टला जवळजवळ ८ अँपिअर. मॉड्यूलच्या पॉवरला १५ अँपिअरचा फ्यूज घाला आणि वायर १ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक घेऊ नका.

वायर न सोलता दाबायचे लाल-निळे प्लास्टिक कनेक्टर मुंबईत वापरू नका. त्यांची पाती वायरीचे दोन-चार तार तोडते आणि उरलेल्यांत दमट, खारी हवा शिरून हिरवं बुरशीसारखं चढतं. वायर सोलून गुंडाळा, सोल्डर करा आणि वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. किंवा चांगल्या चिमट्याने क्रिम्प करा. साधी पीव्हीसी टेप मेच्या उन्हात डिंक सोडते, म्हणून हार्नेसला कापडी टेप लावा. हे सगळं लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं.

प्रश्न : माझी वॅगनआर मॅन्युअल आहे. मे महिन्यात गाडीत बसवत नाही. घरातूनच रिमोटने इंजिन आणि एसी चालू व्हावा म्हणून रिमोट स्टार्टर बसवायचा आहे. दुकानदार म्हणतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे. बसवू का?
– एक वाचक, परळ

उत्तर : बसवू नका. काम अर्ध्या दिवसाचं असेलही, पण गिअरमध्ये राहिलेली मॅन्युअल गाडी सेल्फ फिरताच पुढे झेप घेते. समोर भिंत असली तर बंपर जातो, मूल असलं तर काय होईल हे सांगायला नको. बऱ्याच जणांना उतारावर हँडब्रेकवर भरवसा नसतो, ते पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये गाडी लावतात. पोडियम पार्किंगच्या उतारांवर ही सवय चांगलीच आहे; रिमोट स्टार्टरशी तिचं जमत नाही.

मॅन्युअलसाठीच्या चांगल्या मॉड्यूलमध्ये यावर उपाय असतो. गाडी चालू असताना हँडब्रेक ओढायचा, गिअर न्यूट्रल करायचा, रिमोटचं बटण दाबून चावी काढायची. इंजिन चालूच राहतं. मग उतरून दारं बंद करायची, तेव्हा मॉड्यूल इंजिन बंद करतं आणि न्यूट्रलची खूणगाठ बांधून ठेवतं. त्यानंतर एक जरी दार उघडलं तरी ती रद्द होते आणि रिमोटने गाडी चालू होत नाही. पण हा सगळा डोलारा दाराच्या चार पिना आणि हँडब्रेकच्या स्विचवर उभा आहे. मागच्या दाराची पीन गंजली, त्या दारातून कुणी आत येऊन गिअर हलवला, की संरक्षण संपलं. शिवाय क्लचच्या पेडलला स्विच असलेल्या गाडीत दुकानदार तो स्विच कायमचा जोडून टाकतो. मग चावीनेसुद्धा गाडी क्लच न दाबता चालू होते.

एएमटी (क्लच पेडल नसलेली, आपोआप गिअर बदलणारी गाडी) घेतली तर प्रश्न सुटेल, असं काहींना वाटतं. २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे आलेल्या या गिअरबॉक्सला ‘पी’ (पार्किंग) नसतो. गाडी गिअरमध्ये ठेवून बंद करता येते आणि चालू करताना न्यूट्रल आणि ब्रेक दोन्ही लागतात. रिमोट स्टार्टरला ब्रेक दाबल्याचा खोटा सिग्नल द्यावा लागतो. शिकाऊ हातासाठी तर हे मॅन्युअलपेक्षाही वाईट. ‘पी’ असलेली, टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, चावीवर चालणारी गाडी असेल तरच हा विचार करा. जुन्या आय-१० चं चार गिअरचं ऑटोमॅटिक हे त्यातलं उदाहरण. तिच्यातही आधी इमोबिलायझर तपासा.

रस्त्यावर गाडी लावत असाल तर कायदाही आड येतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक जागी उभ्या गाडीत चालकाच्या जागेवर परवानाधारक नसेल तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी व्यवस्था केलेली असावी लागते. तळघरातल्या किंवा मेकॅनिकल पार्किंगमध्ये तर रिमोटचं बटण दाबूच नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो.

तरीही ‘पी’वाल्या गाडीत बसवलंच तर बॉनेटची पीन सोडू नका, नाहीतर मेकॅनिकचा हात पट्ट्यात असताना कुणीतरी वरच्या मजल्यावरून बटण दाबेल. मुख्य पॉवर आणि इग्निशनच्या वायरी ४ चौरस मिलिमीटरच्या, प्रत्येकीला ३० अँपिअरचा फ्यूज. काम झाल्यावर चाकांना दगड लावून रिमोटने इंजिन चालू करा, मग ब्रेक दाबा, इंजिन बंद झालं पाहिजे. पुन्हा चालू करून बॉनेट उघडा, बंद झालं पाहिजे. गिअरची लिव्हर ‘डी’मध्ये (ड्राइव्ह) ठेवून बटण दाबा, सेल्फ फिरताच कामा नये. तिन्ही चाचण्या गिऱ्हाइकासमोर करा.

एवढं सगळं नको असेल तर पुढची गाडी घेताना कंपनीचीच सोय असलेली घ्या. ह्युंदाई व्हेन्यूच्या काही मॉडेलमध्ये २०१९ पासून ब्लूलिंक या मोबाइल अ‍ॅपने इंजिन चालू करता येतं. तिथे इमोबिलायझर फसवावा लागत नाही.

प्रश्न : पावसाळा सुरू झाला की रात्री-अपरात्री अलार्म वाजतो. सोसायटीत भांडणं झाली. सेन्सर बदलला, तरी तेच.
– एक वाचक, भांडुप

उत्तर : सेन्सर शेवटी पाहायचा, तुम्ही आधी पाहिलात. पावसात आधी बिघडते ती बॉनेटची पीन. तिच्यात पाणी साचलं की ती अर्थ होते आणि अलार्मला बॉनेट उघडल्यासारखं वाटतं. कपलर काढून एक रात्र तशीच ठेवा. शांत गेली तर चोर सापडला. नवीन पीन पाणी वाहून येतं त्या खोबणीत न बसवता उंच बसवा, रबरी टोपी घाला. मग दारांच्या पिना पाहा: स्क्रू काढून गंज घासा, थोडं ग्रीस लावा. मॉड्यूलची अर्थची वायरही रंगावरच कसलेली असते. रंग खरवडून, रिंग टर्मिनल लावून पुन्हा कसा. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) आत येणारी वायर ग्रोमेटच्या (भोकातल्या रबरी कड्याच्या) आधी खाली झोल देऊन घ्या, म्हणजे थेंब तिथेच गळतो. सायरनचं तोंड खाली हवं. मॉड्यूल ड्रायव्हरच्या पायापाशी असेल तर वर, डॅशबोर्डच्या पोटात न्या. पाणी तुंबलं की पहिलं तिथेच शिरतं.

यानंतरही वाजला तर शॉक सेन्सरचा (धक्का ओळखणाऱ्या सेन्सरचा) स्क्रू कमीकडे आणा. स्टिअरिंगच्या खांबाच्या लोखंडी ब्रॅकेटला तो घट्ट बसवून एक-तृतीयांशापासून सुरुवात करा. काचेवर तळहात मारला तर वाजावा, बेस्टची बस बाजूने गेली तर नाही, एवढा पुरे. गणपतीत ढोल-ताशा दारावरून जाणार असेल तर शॉक सेन्सर रिमोटवरून तेवढ्यापुरता बंद करण्याची सोय बऱ्याच मॉड्यूलमध्ये असते.

प्रश्न : सीएनजी गाडीवर रिमोट स्टार्टर चालेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : बाहेरून बसवलेलं किट असेल तर आधी नको म्हणा. इंजेक्टर आणि आरपीएमच्या (इंजिनचे फेरे सांगणाऱ्या) वायरींवर किटने आधीच जोड मारलेले असतात. तिथून रिमोट स्टार्टरने आरपीएम घेतला तर इंजिन चालू झाल्याचं त्याला कळत नाही आणि सेल्फ फिरत राहतो. मारुतीच्या कंपनी-सीएनजी गाड्यांत गॅस भरण्याचं झाकण उघडं असताना गाडी चालू होऊ नये म्हणून मायक्रोस्विच असतो. रिमोट स्टार्टर सेल्फला थेट करंट देत असेल तर तो स्विच डावलला जाऊ शकतो. पंपावर रांगेत उभ्या गाडीत ही जोखीम घेऊ नये.

प्रश्न : अलार्म बसवल्यापासून गावाहून परतलं की बॅटरी बसलेली. अलार्म एवढं खातो?
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर : खातो. झोपेतला अलार्म २० मिलिअँपिअर घेत असेल तर महिन्याला १४.४ अँपिअर-तास होतात. तुमची बॅटरी ३५ ची असेल तर तिचा चाळीस टक्के भाग नुसता राखणीत गेला. पण याहून लवकर बसत असेल तर दुसरीकडे गळती आहे. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावा, दारं बंद करा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. ५० मिलिअँपिअरच्या वर आकडा राहिला तर एकेक फ्यूज काढत जा; ज्याने आकडा पडतो ती वाट. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर निगेटिव्ह केबल काढून ठेवा. स्वतःची बॅटरी असलेला सायरन असेल तर आधी तो त्याच्या चावीने बंद करा, नाहीतर केबल काढताच सगळी चाळ उठेल.

प्रश्न : अलार्म लावला तर विम्यात सूट मिळते म्हणतात, खरं का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : २००२ च्या मोटर टॅरिफमध्ये (मोटार विम्याच्या दरपत्रकात) पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेची मान्यता असलेल्या चोरीरोधक उपकरणाला, ऑटोमोबाइल असोसिएशनने बसवल्याचं प्रमाणपत्र दिल्यास, स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर अडीच टक्के, कमाल ५०० रुपये सूट होती. आता सूट प्रत्येक कंपनी आपल्यापुरती ठरवते, म्हणून नूतनीकरणाआधीच विचारा. बाजारातल्या बिनमान्यतेच्या अलार्मवर सहसा काही मिळत नाही. आणि सूट मिळो न मिळो, अलार्म बसवल्याचं बिल आणि वायरी कुठे कापल्या याचा कागद दुकानातून मागून घ्या. पुढचा इलेक्ट्रिशियन त्यावाचून डॅशबोर्ड दुसऱ्यांदा उघडेल.