व्यासपीठावर वाचली जाणारी ओळख

मुलीने नाव काढले, वर्तमानपत्रात छायाचित्र आले, गावोगावी सत्कार सुरू झाले आणि नेमक्या त्याच दिवसांत ती घरात अबोल झाली, पाहुण्यांसमोर येईनाशी झाली, अशी तक्रार घेऊन समुपदेशनासाठी येणारे पालक मला वर्षातून अनेकदा भेटतात. खेळाडू असो, गायिका असो किंवा स्पर्धा परीक्षेत पहिली आलेली विद्यार्थिनी असो, पालकांचा प्रश्न बहुधा एकच असतो: "हिला गर्व झाला आहे का, की हिला खरेच काही त्रास होतो आहे?" या प्रश्नाविषयी लिहिताना मला मोटार शर्यतीत उतरणारी एक मुलगी आठवते. तिची आणि तिच्या वडिलांची परवानगी घेऊन हा अनुभव मांडते आहे. ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि काही तपशील बदलले आहेत.

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या ठिकाणी वडिलांचे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकान. मुलगी एकवीस वर्षांची. कोल्हापूरला कार्टिंगपासून, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींपासून, सुरुवात करून ती चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील आणि कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवरील शर्यतींपर्यंत पोहोचली होती. तेथे एका शर्यतीत ती मुलांच्या बरोबरीने धावून तिसरी आली. हातात करंडक घेतलेले तिचे छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरले आणि पुढच्या सात महिन्यांत वडिलांच्या डायरीत एकतीस कार्यक्रमांची नोंद झाली. शाळांची स्नेहसंमेलने, शोरूमची उद्घाटने, महिला दिन, पतसंस्थेचा वर्धापनदिन, गणेश मंडळांचे सत्कार. घरात शालींची चळत कपाटाच्या वर गेली होती आणि सत्काराच्या नारळांचे खोबरे करून करून आई कंटाळली होती.

"मॅडम, लोक एवढ्या मानानं बोलावतात आणि ही फाटकापासून परत फिरते," वडील म्हणाले. "दोनदा झालं असं. आता लोक म्हणायला लागलेत, पोरीच्या डोक्यात हवा गेली." मुलगी शेजारच्या खुर्चीत बसून आपल्या तळहातांकडे पाहत होती. अंगठ्याच्या मुळाशी दोन्ही हातांना घट्टे होते. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तिला झोप लागत नसे आणि निघायच्या वेळी उलटी होत असे. म्हणून पहिल्याच भेटीत मी तिला शारीरिक तपासणीसाठी डॉक्टरांकडे पाठवले. अहवाल चांगले आले.

पहिल्या दोन भेटींत माझे निदान चुकले, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. मी याला साधी सभाभीती समजले. त्यानुसार श्वासाचे व्यायाम दिले, छोट्या गटासमोर बोलण्याचा सराव सुचवला. तिने सगळे मन लावून केले आणि काहीही फरक पडला नाही. तिसऱ्या भेटीत मी तिला विचारले की, शर्यतीत हृदयाचे ठोके मिनिटाला दीडशेच्या वर जातात, तेव्हा भीती वाटत नाही का? ती म्हणाली, "वाटते ना. पण तिथे मी कुठे चुकले ते मला कळतं. कुठल्या वळणावर ब्रेक उशिरा लागला, किती वेळ गेला, सगळं नोंदलेलं असतं. तिथे कुणी खोटं बोलू शकत नाही." शेवटचे वाक्य मी लिहून घेतले, परंतु त्याचा अर्थ मला लगेच उमगला नाही.

मोटार शर्यतीतले चालक शर्यतीपूर्वी डोळे मिटून संपूर्ण फेरी मनातल्या मनात चालवतात. मी तिला तेच करायला सांगितले आणि स्टॉपवॉच हातात घेतले. ती खुर्चीत ताठ बसली, हात स्टीअरिंग धरल्यासारखे समोर आले, उजवे पाऊल जमिनीवर हलके दाबले गेले. सरळ पट्टा संपताच तिची मान किंचित आवळली, गिअर उतरवताना मनगट फिरले, वळणाच्या एपेक्सपाशी, म्हणजे गाडी वळणाच्या आतल्या कडेला सर्वांत जवळ येते त्या बिंदूपाशी, नजर बंद पापण्यांखालीही आत वळलेली दिसत होती. चेन्नईचा तो ट्रॅक पावणेचार किलोमीटरच्या आसपास आहे. तिची मनातली फेरी आणि तिची खरी वेळ यांत दोन सेकंदांचेही अंतर नव्हते. तिचे हात या सगळ्या वेळात एकदाही थरथरले नाहीत.

"आता असाच एक सत्कार चालव," मी म्हटले. फाटक, स्वागत, औक्षण, व्यासपीठाच्या पायऱ्या, खुर्ची, दीपप्रज्वलन. येथपर्यंत तिचा श्वास सुरळीत होता. मग ती म्हणाली, "आता सूत्रसंचालक माझी ओळख करून देतात," आणि तिचे हात थरथरू लागले. तिने डोळे उघडले आणि बराच वेळ ती काही बोलली नाही.

गाठ तेथे होती. तिसरा क्रमांक आल्यावर एका स्थानिक बातमीत तिचा उल्लेख "देशातील पहिली महिला रेसर" असा छापला गेला होता. कोणी ते तपासले नाही. पुढच्या आयोजकाने बातमीवरून ओळख लिहिली, त्याच्या पुढच्याने त्या ओळखीवरून, आणि काही महिन्यांत ती "राष्ट्रीय विजेती" सुद्धा होऊन बसली. प्रत्येक व्यासपीठावर टाळ्यांच्या गजरात हे वाचले जाई आणि तिने उठून नमस्कार करायचा असे. "मॅडम, चेन्नईची अलिशा अब्दुल्ला माझ्या कितीतरी आधीपासून चालवते. विमान चालवता चालवता शर्यतीतही धावणारी स्नेहा शर्मा आहे, बडोद्याची मीरा एर्डा आहे. पुण्याच्या डायना पुंडोले २०२४ मध्ये पुरुषांबरोबर धावून राष्ट्रीय विजेत्या झाल्या. मी पहिली कशी? ट्रॅकवर जो माझ्या शेजारी उभा असतो त्याला सगळं माहीत आहे. तो हे व्हिडिओ बघत असेल." लोकांसमोर उभे राहण्याचे तिला भय नव्हते. आपल्या नावाने बोलल्या जाणाऱ्या असत्याला नमस्कार करून संमती द्यावी लागते, हे तिला सोसवत नव्हते आणि ते बोलून दाखवायला तिला कोणी जागाच दिली नव्हती. ज्या मुलीला लोक गर्विष्ठ म्हणत होते, ती प्रामाणिकपणामुळे आजारी पडली होती.

प्रसिद्धी विजयाच्या आधी येणे, हा प्रकार या खेळात नवा नाही. अमेरिकेच्या डॅनिका पॅट्रिक २००५ मध्ये पहिल्यांदाच इंडियानापोलिस ५०० शर्यतीत उतरल्या, काही काळ सर्वांत पुढे राहिल्या आणि चौथ्या आल्या. एका रात्रीत त्यांचे नाव घरोघरी पोहोचले, परंतु इंडियानापोलिस ५०० ही शर्यत ज्या मालिकेत येते त्या इंडीकार मालिकेतील त्यांचा पहिला विजय २००८ मध्ये जपानमधील मोतेगी येथे आला. मधली तीन वर्षे नाव मोठे आणि विजयाचा रकाना रिकामा, अशा अवस्थेत त्या जाहिराती करत राहिल्या आणि धावतही राहिल्या. मी हे तिला सांगितले ते दिलासा म्हणून नव्हे. चौथा क्रमांक हा चौथा क्रमांक म्हणून सांगितला तरी लोकांना तो मोलाचा वाटतो, हे तिला दिसावे, एवढाच माझा हेतू होता.

पुढचे काम विचारांवरचे होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मांडलेल्या आणि कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकांना परिचित झालेल्या विवेकनिष्ठ पद्धतीत आपण स्वतःवर लादलेल्या हट्टाग्रहांचा शोध घेतला जातो. तिचा हट्टाग्रह असा निघाला: "ज्यांनी मला मान दिला, त्यांचा माझ्यामुळे कधीच विरस होता कामा नये." त्यामुळे तिला चूक दुरुस्तही करता येत नव्हती आणि ती सहनही होत नव्हती. आम्ही तिची खरी ओळख चार वाक्यांत लिहिली. कोणत्या गाडीत धावते, किती वर्षे धावते, कोणत्या शर्यतीत तिसरी आली आणि पुढच्या हंगामात काय साधायचे आहे. ही ओळख आयोजकांना आधी पाठवायची आणि तरीही चुकीची वाचली गेली, तर माइक हातात आल्यावर पहिल्याच वाक्यात, कोणाला न दुखावता, दुरुस्त करायची. हे एक वाक्य तिने माझ्यासमोर कमीत कमी तीस वेळा म्हटले असेल.

छायाचित्रांचा विषयही निघाला. एका उद्घाटनात तिला केस मोकळे सोडून गाडीच्या बॉनेटवर बसायला सांगितले होते आणि वडील बाजूलाच असल्याने ती निमूटपणे बसली होती. हे ऐकताना मला राग आला आणि तो मी तिच्यापासून लपवला नाही. जी गाडी चालवते तिला गाडीवर सजावटीसारखे बसवणे म्हणजे तिच्या कामाचा अनादर आहे, असे माझे ठाम मत आहे. त्यावर तिने स्वतःच वाक्य शोधले: "फोटो रेसिंग सूटमध्ये आणि गाडीत बसूनच काढू या." समाजमाध्यमांवरील शेऱ्यांविषयी फार बोलावे लागले नाही. २०२५ मध्ये अमेरिकेतील रॉकिंगहॅमच्या शर्यतीत झालेल्या अपघातानंतर ब्रिटिश रेसर कॅथरीन लेग यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या आणि त्यांनी ते उघडपणे सांगितले होते, हे तिला ठाऊक होते. शर्यतीच्या आठवड्यात शेरे वाचायचे नाहीत आणि तिचे खाते धाकट्या भावाने सांभाळायचे, असे ठरले.

वडिलांशी बोलणे मला अधिक अवघड गेले, कारण त्यांचे म्हणणेही खरे होते. गाडीचे भाडे, टायर, प्रवास, प्रशिक्षकाची फी हे सगळे मोठ्या खर्चाचे असते आणि प्रायोजकाला त्याच्या पैशांच्या बदल्यात तिची उपस्थिती हवी असते. "ज्या माणसांनी पहिल्या कार्टसाठी हात सैल सोडला, त्यांना नाही कसं म्हणू?" असे त्यांनी विचारले. पालकांना सरसकट "कार्यक्रम बंद करा" असे सांगणारा सल्ला मला येथे निरुपयोगी वाटतो, कारण या खेळात लोकांसमोर जाणे हा कामाचाच एक भाग आहे. आम्ही त्यांची डायरी मधे ठेवली. एकतीसपैकी सहा कार्यक्रम करारातले निघाले, चार ऋणानुबंधाचे. उरलेले एकवीस कोणाच्या तरी ओळखीच्या माणसाने शब्द टाकला म्हणून घेतले होते आणि त्यांतील एकाचेही आमंत्रण स्वीकारण्यापूर्वी मुलीला विचारलेले नव्हते. वडिलांनी ती पाने दोनदा उलटून पाहिली. "माझ्या ध्यानातच आलं नाही," ते म्हणाले. शर्यतीच्या आधीचे दहा दिवस कार्यक्रम नाही, करारातले कार्यक्रम हंगाम सुरू होण्यापूर्वी ठरवायचे आणि होकार किंवा नकार तिने स्वतः कळवायचा, असा नियम त्यांनीच सुचवला.

आपल्या घरातही असेच काही घडत असेल, तर मुलीला "काय होतंय?" असे विचारण्यापेक्षा "नेमकं कोणत्या क्षणी होतं?" असे विचारून पाहा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, खाणे सुटले असेल किंवा जगण्याविषयी निराशेचे बोलणे येत असेल, तर मात्र वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

नवरात्रात तिच्याच तालुक्यात नऊ मुलींचा सत्कार होता आणि तिने स्वतः होकार कळवला होता. ओळखीची चार वाक्ये आठ दिवस आधी पाठवली होती. सूत्रसंचालकांनी कोणाचा तरी जुना कागद वाचला आणि पुन्हा "देशातील पहिली" असेच म्हटले. तिने माइक घेतला. "मी पहिली नाही. माझ्या आधी कितीतरी जणी धावल्या आहेत, त्यांची नावं मी तुम्हाला सांगते," असे म्हणून तिने नावे सांगितली आणि मग आपला तिसरा क्रमांक सांगितला. सभागृह क्षणभर शांत झाले. पुढच्या रांगेतील चौथी-पाचवीतल्या एका मुलीने हात वर करून विचारले की हेल्मेट किती जड असते, तेव्हा तिने खाली उतरून ते तिच्या हातात दिले. मी तिला प्रत्येक कार्यक्रमानंतर शून्य ते दहा अशा मोजपट्टीवर अस्वस्थता लिहायला सांगितले होते. त्या दिवशीच्या नोंदीत फाटकापाशी आठ, ओळख वाचताना नऊ आणि हेल्मेट परत घेताना दोन असे आकडे होते.

पुढच्या महिन्यात ती कोइमतूरला धावली. संध्याकाळी वडिलांचा फोन आला. "मॅडम, सातवी आली. पेपरवाल्याचा फोन होता, त्याला सांगितलं, छापायचं असेल तर सातवी असंच छापा."