पॉम्पेईच्या भिंतींवरचं लिखाण: ते कुणी लिहिलं आणि कसं वाचायचं

तुमचे तीन प्रश्न आहेत: पॉम्पेईच्या, म्हणजे इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या रोमन शहराच्या, भिंतींवर खरडणारे लोक खरंच साधेसुधे होते का, की शिकलेल्या श्रीमंतांचीच ती हौस होती, हे विद्रूपीकरण मानलं जायचं का, आणि आपल्याकडच्या लोकांनी असं काही लिहून ठेवलंय का. सोबत तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ‘२००० वर्षांपूर्वीचे मजेदार स्टेटस’ ही यादीही दिली आहे.

आधी त्या यादीबद्दल. तिच्यातल्या बऱ्याच ओळी अस्सल आहेत, पण भिंतीवरून उचलून एकाखाली एक मांडल्यामुळे त्यांचा जीव गेलाय. हे लिखाण कुठल्या भिंतीवर आहे, कुठल्या दाराशी आहे, शेजारी काय लिहिलंय, हे कळल्याशिवाय त्यातलं अर्धंसुद्धा हाती लागत नाही. मला यात सगळ्यात मोलाचं तेच वाटतं.

सुक्सेसुस आणि सेव्हेरुसचं भांडण घ्या. तुमच्या यादीत त्यातली एकच ओळ आलीय. मूळ मजकूर प्रिमाची खानावळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुकानाच्या भिंतीवर होता. कुणीतरी लिहिलं: विणकर सुक्सेसुसचं खानावळवालीच्या इरिस नावाच्या दासीवर प्रेम आहे, ती त्याला विचारत नाही, तरी तो दयेची याचना करतोय, लिहिणारा त्याचा प्रतिस्पर्धी. त्याखाली उत्तर आलं: जळफळतोस कशाला, तुझ्यापेक्षा देखण्या माणसाच्या वाटेला जाऊ नकोस. त्यावर पुन्हा पहिला: मला सांगायचं ते सांगितलं, लिहिलं, तुझं इरिसवर प्रेम, तिला तुझी पर्वा नाही, सेव्हेरुसकडून सुक्सेसुसला. आता जागा बघा. खानावळवालीची दासी म्हणजे इरिस बहुधा इथलीच. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते दिसणार, म्हणजे हे भांडण चारचौघांत चाललंय. आणि इरिस गुलाम. या सगळ्यात तिचा स्वतःचा एक शब्दही नाही. यादीत हा विनोद वाटतो. भिंतीपाशी मला तो तसा वाटत नाही.

यातूनच पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. विणकर भिंतीवरचं वाचून तिथेच उत्तर देतोय. विल्यम हॅरिस या इतिहासकारांनी १९८९ मध्ये रोमन साम्राज्यातली साक्षरता एकंदरीत १५ टक्क्यांच्या खालीच असावी असा अंदाज मांडला. त्यावर अजून वाद चालू आहे आणि वाद घालणारे पॉम्पेईकडेच बोट दाखवतात. रंगवलेल्या निवडणुकीच्या जाहिराती धरून तिथे ११,००० च्या आसपास भिंतीलेख नोंदले गेलेत. जाहिराती मात्र वेगळ्या ठेवायला हव्यात. त्या ब्रशने लिहिणारे व्यावसायिक रंगारी होते. त्यातल्या एमिलिउस केलेरने तर ‘एकट्याने, चांदण्यात’ लिहिल्याची नोंद केलीय. खरडलेलं लिखाण हे हौशी माणसाचं काम: मेणाच्या पाटीवर लिहायची टोकदार लेखणी, खिळा, नाहीतर कोळशाचा तुकडा घ्यायचा आणि गिलाव्यावर लिहायचं. स्पेलिंगच्या चुका भरपूर, अक्षरं वाकडीतिकडी. लोक लॅटिन भाषा प्रत्यक्षात कशी बोलायचे, हे भाषेच्या अभ्यासकांना या चुकांमधून कळतं.

एका घरात तर सलग आठ दिवसांचा किराणा भिंतीवर मांडलाय. चीज, पाव, तेल, वाइन, कांदे आणि बहुतेकांपुढे आस या नाण्यातली किंमत. पाव ८, आणि त्याच हिशेबात गुलाम पोऱ्यासाठी वेगळा पाव, २. घरात कोण काय खायचं, ते या दोन आकड्यांत उघडं पडतं. हे कुणी पुढच्या पिढ्यांसाठी लिहिलेलं नाही, म्हणून मी त्यावर जास्त विश्वास ठेवतो.

चित्रांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. नुकेरिया वेशीबाहेरच्या एका थडग्यावर झुंजीची चित्रं कोरली आहेत. मार्कुस अत्तिलिउस हा नवशिका ग्लॅडिएटर. समोर नीरोच्या आखाड्यातला हिलारुस, १४ झुंजींचा अनुभवी. अत्तिलिउसच्या नावापुढे जिंकल्याचं ‘व्ही’, हिलारुसच्या नावापुढे जिवंत सोडल्याचं ‘एम’. शेजारी पुढची झुंज: तोच अत्तिलिउस १२ पैकी १२ जिंकलेल्या फेलिक्सलाही हरवतो. काढणाऱ्याला चित्रकला बेताचीच येत होती, पण शिरस्त्राणं, ढाली आणि आकडे त्याने टिपले आहेत. त्याला ही झुंज विसरायची नव्हती. २०२४ मध्ये एका घराच्या अंगणात कोळशाने काढलेले ग्लॅडिएटर, शिकारी आणि हात टेकवून उमटवलेल्या बाह्यरेषा सापडल्या. संशोधकांच्या मते ही चित्रं ५ ते ७ वर्षांच्या मुलांनी काढली असावीत, आणि रिंगणातली कत्तल त्या मुलांनी डोळ्यांनी पाहिली असावी.

विद्रूपीकरणाबद्दल: आजचा नियम तिथे लावू नका. लिखाण रस्त्यावर आहे तसंच ऐपतदार घरांच्या आतही आहे, पाहुणे यायचे त्या दालनांत, रंगीत भित्तिचित्रांच्या शेजारी. शहराच्या वेशीबाहेरच्या ‘व्हिला ऑफ मिस्टरीज’ या मोठ्या घरात टकलू, नाकाड्या माणसाचं व्यंगचित्र आणि वर ‘हा रुफुस’. मायुस कास्ट्रिकिउसच्या घरात जिन्याजवळ वेगवेगळ्या हातांनी कवितेच्या ओळी लिहिल्या आहेत. घरमालकाला चीड असती तर गिलावा नवा करायला कितीसा वेळ लागला असता? कंटाळणारेही होते म्हणा: ‘भिंती, इतक्या लिहिणाऱ्यांचा जाच सोसून तू अजून कोसळली कशी नाहीस?’ ही ओळ शहरात एकाहून जास्त ठिकाणी सापडते. तक्रारही भिंतीवरच लिहिलेली!

आता आपल्याकडचे. येमेनच्या सोकोत्रा बेटावर होक नावाची खोल गुहा आहे. २००० च्या सुमारास बेल्जियन गुहाशोधकांना तिच्या आत बरेच लेख आणि चित्रं सापडली. बहुतेक लेख ब्राह्मी लिपीतले, साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या ते पाचव्या शतकातले. कोळसा, खडू, माती, हाताला लागेल ते वापरून तिथे थांबलेल्या खलाशी-व्यापाऱ्यांनी आपली नावं लिहिली. काहींनी आपण भरुकच्छाचे, म्हणजे भडोचचे, असंही सांगितलंय. जहाजांची चित्रंही आहेत. त्याच गुहेत सीरियातल्या पाल्मिराहून आलेल्या माणसाने इसवी सन २५८ मध्ये ठेवलेली लाकडी पाटीही मिळाली. महाराष्ट्रातल्या लेण्यांमधले दानलेख या जातीचे नाहीत. ते विचारपूर्वक, कारागिराकडून कोरून घेतलेले आहेत, म्हणून त्यांची इथे सरमिसळ करू नका.

पुढे वाचायचं असेल तर यादीपासून सुरुवात करू नका. ‘एन्शंट ग्राफिटी प्रोजेक्ट’च्या मोफत संकेतस्थळावर हे लेख ठिकाणांनुसार शोधता येतात. एखादं घर निवडा आणि त्याच्या भिंतींवर काय काय आहे ते दारापासून आत वाचत जा. गिलावा आणि रंग ऊन-पावसात झिजतात, त्यामुळे उत्खननानंतर पुसून गेलेल्या कित्येक लेखांची आज फक्त हाताने काढलेली नक्कल उरली आहे. तुम्ही फोटो शोधत असाल आणि तो मिळाला नाही, तर नक्कल बघा. काही मूळ तुकडे नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत.