टांझानियातले पहिले आठवडे: कोल्हापुरातून जाणाऱ्यांसाठी

तू विचारलंयस, जूनमध्ये स्वयंसेवक म्हणून टांझानियाला निघालीस, सुरुवातीला एका कुटुंबात राहून भाषा-रीतभात शिकायची आहे, तर काय तयारी करू. मी मोरोगोरोकडं याच कामाला होते, म्हणून सांगते.

ते प्रशिक्षण बहुतेक गोऱ्या पोरांना डोळ्यासमोर ठेवून आखलेलं असतं. उजव्या हातानं जेवा, चपला दाराबाहेर काढा, बादलीतल्या पाण्यानं अंघोळ करा. सोबतचे वहीत उतरवून घेतील, तुला जांभया येतील. येऊ देत.

आपली गाडी अडते ती विचारपुशीत. वडीलधारं माणूस दिसलं की 'शिकामो' म्हणायचंच, समोरून 'मराहाबा' येतं. मग घरचे कसे आहेत, काम कसं चाललंय, रात्र कशी गेली. एवढं झाल्यावर कामाचं. आपल्याकडं दुकानात पाय टाकतानाच "अर्धा किलो साखर द्या हो" म्हणतो; तिकडं तसं केलंस तर उद्धट ठरशील. कुणाच्या दारात गेलीस तर 'होडी' अशी हाक द्यायची, 'करिबू' ऐकू आलं की मगच आत. आणि वेळ सूर्योदयापासून मोजतात: 'सा म्बिली' म्हणजे दोन, पण सकाळी बोलावलं असेल तर आपल्या आठला जायचं.

जेवणात उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. चिमटीत घेऊन मळायचा, अंगठ्यानं खळगा करायचा, त्यात भाजी उचलायची. म्चिचा तर आपला माठच. तिखटाच्या नावानं मात्र बोंब. कांदा-लसूण चटणी ने, पण सुरुवातीला घरातल्या मामासमोर (तिकडं आईला 'मामा' म्हणतात, हसू नकोस) बरणी काढू नकोस. त्यापेक्षा चुलीपाशी बस आणि उगाली घोटायला माग. पीठ घट्ट होत आलं की दंड भरून येतात. भाषा मला वर्गापेक्षा तिथंच जास्त आली.

मलेरियाच्या गोळ्या जाण्याआधी सुरू करायच्या असतात, डॉक्टरांना आत्ताच भेट. स्वेटर घे. आपल्याकडं पावसानं राधानगरी धरण भरत असतं तेव्हा तिकडं कोरडा हंगाम असतो आणि रात्री गारठतं.

आता जे वर्गात कुणी सांगणार नाही ते. गोऱ्यांना 'म्झुंगू' म्हणतील, तुला 'म्हिंदी'. म्हिंदी म्हटलं की दुकानदार, पैसेवाला, आपल्यात न मिसळणारा असं कित्येकांच्या डोक्यात पक्कं असतं. व्यापार पिढ्यान्‌पिढ्या गुजराती-कच्छी घरांकडं होता. १९७१ मध्ये सरकारनं भाड्याच्या इमारती ताब्यात घेतल्या, त्यातल्या बहुतेक यांच्याच. म्हणून "तुझं दुकान कुठं?" हे विचारलं जाणारच. चिडू नकोस, दुकान नाही, अमुक काम करते, एवढं स्वाहिलीत सांगता येईल असं पहिल्या आठवड्यातच पाठ कर. आणि दार-एस-सलाममधल्या आपल्या लोकांच्या ओळखी कुणी देऊ केल्या तर घे, पण प्रशिक्षण संपेपर्यंत दर रविवारी तिकडं पळू नकोस. शेजारच्या बायका बघत असतात, रविवारी ही कुठं जाते ते.