रेशनच्या धान्याने माणूस आळशी होतो का?

प्रश्न : रेशनचे धान्य फुकट झाल्यापासून कापूस वेचायला माणसे मिळत नाहीत. ही मदत थांबवू नये का?
– एक शेतकरी, परभणी जिल्हा

उत्तर : तुमची अडचण खरी आहे, निदान मात्र पटत नाही. रेशनकार्डाच्या ‘प्राधान्य’ गटातल्या कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, म्हणजे दिवसाला पावणेदोनशे ग्रॅमही नाही; तेल-मीठ, दवाखाना, पोरांच्या वह्या यांसाठी मजुरी करावीच लागते. ऐन वेचणीच्या हंगामात आपल्याकडची जोडपी उचल घेऊन ऊसतोडीला जातात, ती काही रेशनमुळे नव्हे. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्याने खडी फोडून पोट भरले, आणि रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, तोही कामाच्या मागणीतूनच. वेचणीचा किलोमागे दर तुम्ही किती देता, हे पत्रात लिहिलेले नाही. कापसाला भाव नसताना वेचणीचा दर वाढवणे तुम्हालाही अवघड आहे, हे मान्य.