चित्रकारांचे प्रश्न : उलटी अक्षरं

प्रश्न : ताई, मी चित्रकार आहे. परदेशात तीन महिन्यांच्या रेसिडेन्सीवर आलोय, म्हणजे राहायला आणि काम करायला संस्थेने जागा दिलीय. अर्जात विषय लिहिला होता, 'सांस्कृतिक ओळखीचा शोध'. पाच आठवडे झाले. भिंतीवर अकरा कागद टाचलेत आणि एकही माझा वाटत नाही. परंपरेतले आकार उचलून मांडलेत, बस. इथलं काम बघणारी क्युरेटर येते आणि म्हणते, "छान, पण तुझी संस्कृती अजून ठळक येऊ दे." शेजारच्या स्टुडिओतली मुलगी इथलीच आहे. ती झाडं रंगवते, तिला कुणी तिची संस्कृती विचारत नाही. मी खोटेपणा करतोय का? की विषयच चुकला?

उत्तर : विषय ठीक आहे, पण तो अजून अर्जाच्या भाषेतच अडकलाय. अर्ज आपण निवड समितीसाठी लिहितो, तोही कितीतरी महिने आधी, न पाहिलेल्या खोलीबद्दल. त्याला इतकं जागायचं कारण नाही. (करारात अमुकच काम द्यायचं असं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी, तो आजच काढून वाचा. सही करताना मीही वाचला नव्हता.)

माझी पहिली रेसिडेन्सी प्रिंटमेकिंगची, म्हणजे छापचित्रांची होती. 'ओळख' हा भारदस्त शब्द मीही लिहून गेले होते. तिथे गेल्यावर आजीच्या पत्रांतलं शेवटचं वाक्य प्लेटवर घ्यायचं ठरवलं : 'पोचल्याचं कळव.' जस्ताच्या प्लेटवर ग्राउंड, म्हणजे ॲसिड अडवणारा थर चढवला, सुईने अक्षरं काढली, प्लेट ॲसिडमधून काढली, शाई भरून पुसली, प्रेसखालून नेली. ओला कागद एका कोपऱ्याने उचलला आणि पोटात धस्स झालं. प्लेटवरचं कागदावर उलटं येतं हे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही ठाऊक असतं, आणि मी वहीत लिहावं तशी सरळ लिहून मोकळी झाले होते. शिरोरेघ जिथल्या तिथे, जणू काही झालंच नाही. तिच्याखाली मात्र 'प'चं पोट भलत्या बाजूला गेलेलं आणि काना अक्षराच्या आधी येऊन उभा.

गंमत पुढेच आहे. वर्कशॉपमधल्या एकालाही काही खटकलं नाही. त्यांना सुलटंही तेवढंच अगम्य होतं. "काय सुंदर लिपी!" म्हणून कौतुक झालं आणि मी ओशाळले. आजीचं साधं वाक्य मी अशा लोकांसमोर नक्षी म्हणून ठेवलं होतं, ज्यांना ते कधीच वाचता येणार नव्हतं. छपाईतल्या चुकीपेक्षा हे जास्त लागलं. तुमच्या अकरा कागदांचं असंच काही झालं असावं. ती प्लेट मी फेकली नाही. राहिलेले दिवस मुद्दाम उलटीच अक्षरं छापली, आणि तेव्हा कुठे ते काम माझं वाटायला लागलं.

एक उदाहरण चित्रकार भूपेन खख्खर यांचं. १९७९ साली ते इंग्लंडमधल्या बाथ अकादमी या कलाशाळेत राहून काम करत होते. पेशाने हिशेबनीस माणूस. तोवर त्यांनी घड्याळ दुरुस्त करणारा, न्हावी अशी आपली साधी माणसं रंगवलेली. परक्या देशात त्यांनी आपल्या देशाचं प्रदर्शन मांडलं नाही. पबमध्ये एकटा बसलेला माणूस रंगवला, 'मॅन इन पब'. चित्र बघितलं की हात कुणाचा ते लगेच कळतं. माणसाकडे बघायची ती सवय त्यांनी बरोबर नेली होती, वेगळं काही न्यायची गरज पडली नाही. आणि परतल्यावर, १९८१ मध्ये, त्यांनी बाप-लेक-गाढवाच्या गोष्टीचं चित्र केलं, 'यू कान्ट प्लीज ऑल'. बाल्कनीत उघडा उभा असलेला माणूस ती गोष्ट वरून बघतोय. समिती, क्युरेटर आणि शेजारीण यांच्यामध्ये सापडलेल्या माणसाने ते जरूर बघावं.

दुसरं उदाहरण एल अनात्सुई यांचं. घानाचे शिल्पकार, अनेक वर्षं नायजेरियात राहिलेले. १९८० मध्ये ते अमेरिकेत कमिंग्टनच्या रेसिडेन्सीवर होते आणि तिथे लाकडासाठी चेनसॉ, म्हणजे यंत्रावर चालणारी करवत हातात आली. त्या यंत्राचे ओरखडे, ओबडधोबड चिरा यांतच त्यांना युरोपने आफ्रिकेची केलेली फाडाफाड दिसली. म्हणजे आधी हत्यार आलं, अर्थ नंतर. रेसिडेन्सीचा खरा उपयोग मला हाच वाटतो. तुमच्या इमारतीत असं काय आहे, ज्याला तुम्ही अजून हातही लावला नाही? तळघरात प्रेस असेल, भट्टी असेल, करवत असेल. तिथल्या तंत्रज्ञाशी दोस्ती करा. क्युरेटरपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

ते अकरा कागद आठवडाभर भिंतीकडे तोंड करून ठेवा. फाडू नका, दोन-तीन उरतील. तेवढ्या दिवसांत समोर आहे ते काढा : सिंकखालचा नळ, खिडकीची कडी, शेजारणीची झाडंसुद्धा. तुम्ही काढलेलं झाड आणि तिचं झाड शेजारी ठेवून बघा.

तिचं न विचारलं जाणं तुम्हाला खुपतंय, ते बरोबरच खुपतंय. तिच्या झाडांनाही संस्कृती आहे, पण तिथे ती घरचीच असल्याने कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. क्युरेटर पुन्हा 'ठळक' म्हणाली तर शांतपणे विचारा, "म्हणजे नेमकं काय दिसायला हवं होतं?" बरेचदा उत्तर नसतं. असलं तर तेही चित्राचा विषय होऊ शकतं.

प्रश्न : ओपन स्टुडिओच्या दिवशी, म्हणजे लोक स्टुडिओत काम बघायला येतात तेव्हा, चित्राशेजारी किती माहिती लावावी? शब्दांचं भाषांतर द्यावं का?

उत्तर : नाव, माध्यम, साल. माझ्यापुरतं एवढं पुरे. छापचित्रकार झरीना हाश्मींनी १९९९ मध्ये 'होम इज अ फॉरिन प्लेस' ही छत्तीस वुडकट्सची, म्हणजे लाकडी ठशांवरून काढलेल्या छापांची मालिका केली. प्रत्येक छापात एक उर्दू शब्द आणि त्याच्याशी बोलणारा एक आकार. उर्दू न येणाऱ्यालाही आकार काहीतरी सांगतो, येणाऱ्याला दोन्ही मिळतात. भिंतभर खुलासा चिकटवला की लोक तो वाचतात आणि चित्राकडे पाठ करून पुढे सरकतात.

मी भाषांतर लावलं नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ उभे राहिले आणि काय लिहिलंय ते विचारलं. उलटं आहे हेही सांगितलं, अर्थही सांगितला. ते म्हणाले, "मग कळवलंत का?" मला येऊन नऊ आठवडे झाले होते.