सतत फिरतीची नोकरी असेल तर प्रोफेशनल नेटवर्किंग कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की महिन्यातले बहुतेक दिवस बाहेरच जातात, ओळखी भरपूर होतात पण व्हिजिटिंग कार्डाच्या पुढे काही जात नाहीत. मी काजू फॅक्टऱ्या आणि आंबा कॅनिंगवाल्यांच्या मशिनरीचं सर्व्हिसिंग बघतो, रोह्यापासून सावंतवाडीपर्यंतचा पट्टा माझ्याकडे आहे, त्यामुळे तुमची अडचण नीट कळते. माझ्या मते फिरतीवरच्या माणसाला नवीन ओळखी कधीच कमी पडत नाहीत, झालेल्या ओळखी मुरत नाहीत हीच खरी अडचण असते.

त्या मुरवायच्या कशा, तर एका गावची उपयोगाची माहिती दुसऱ्या गावाला पोचवून. फॅक्टरीवाला सीझनमध्ये जागचा हलत नाही, शेजारच्या तालुक्यात कोणाकडे काय पडून आहे हे त्याला माहीत नसतं आणि तुम्ही तर कालच तिथून आलेले असता. एप्रिलमध्ये लांज्याच्या एका काजूवाल्याच्या कुकरच्या दाराचं गॅस्केट गेलं, वाफ लीक व्हायला लागली की बी नीट शिजत नाही, मग कटिंगला गर फुटतो आणि अख्ख्या गराऐवजी तुकडा निघतो, म्हणजे सरळ भावात मार. कंपनीकडून पार्ट यायला वेळ लागणार होता. कुडाळला एकाकडे त्याच साईजचं गॅस्केट जादा पडलंय हे मला माहीत होतं, त्यांना फोन केला, त्यांनी संध्याकाळी मुंबईला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये पार्सल टाकलं, यांनी रात्री हायवेवर उभं राहून उतरवून घेतलं आणि सकाळी मशीन चालू. ते दोघे आता थेट एकमेकांशी बोलतात, मला मध्ये असायची गरजही उरली नाही, आणि दोघंही नवीन माणसाला माझा नंबर स्वतःहून देतात.

फक्त एक पथ्य कडक पाळा. कोणाचा खरेदीचा रेट, कोणाचं गिऱ्हाईक, कोणाची उधारी, यातलं काहीही पुढच्या गावाला न्यायचं नाही, समोरचा कितीही गोड बोलून विचारू दे. आज तुम्ही त्याला दुसऱ्याचं सांगितलंत की उद्या आपलंही बाहेर जाणार हे त्याला तिथल्या तिथे कळतं.

दुसरं म्हणजे वेळ. मार्च ते मे काजू आणि आंबा दोन्ही अंगावर असतात, कॅनिंगवाल्याला तर मे महिन्यात जेवायला फुरसत नसते, तेव्हा काम करायचं आणि निघायचं, गप्पा मारत बसायचं नाही. खरी बैठक पावसात होते. बंदरावरच्या लोकांचंही तसंच, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा बोटवाला निवांत भेटतो. त्या दिवसात काही काम नसताना गेलात की मालवणकडे "इलात? बसा, चाय घेवया" असं जे स्वागत होतं ना, ते सीझनमध्ये दहा वेळा जाऊनही होत नाही. गणपतीत दर्शनाला नक्की जा, मुंबईचे चाकरमानी घरी आलेले असतात, मालकाचा भाऊ किंवा मुलगा तिकडे कुठल्या कंपनीत असतो, ओळख आपोआप होते. तिथे धंद्याचा विषय मात्र आपण काढायचा नाही.

मुक्कामाला शक्यतो तोच लॉज आणि तीच खानावळ ठेवा. रात्री जेवायला औषध कंपन्यांचे एमआर, खतवाले, बँकेचे लोक असे सगळे फिरतीचेच असतात, कुठे नवीन युनिट उभं राहतंय हे मला बहुतेक वेळा तिथेच पहिल्यांदा कळतं.

लिंक्डइनचं विचारलंत, तर काजूवाले तिथे फारसे नाहीत, त्यांना व्हॉट्सॲप पुरे. पण लोटे परशुरामच्या केमिकल कंपन्यांमधले मेंटेनन्सचे लोक नोकरी बदलून गुजरातेत दहेजला नाहीतर तारापूरला जातात, जुना नंबर कंपनीचा असतो तो बंद होतो, अशांना लिंक्डइनवर जोडून ठेवलंच पाहिजे.

नंबर सेव्ह करताना नावापुढे गाव आणि मशीन टाका, आणि भेटीत काय बोलणं झालं ते त्याच दिवशी दोन ओळीत लिहून ठेवा. मी ट्रेनमध्ये लिहितो, कोकण रेल्वेवर रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात फोन लागतच नाही, तेवढ्यात चार जणांच्या नोंदी होतात. कोणाला काही पाठवायचं कबूल केलं असेल तर रत्नागिरी स्टेशन आलं की लगेच पाठवून टाकतो.

तुमचा पट्टा कुठला आणि लाईन कुठली ते लिहिलं नाहीत, ते कमेंटमध्ये सांगा, मग कोणत्या महिन्यात कुठे जावं ते जास्त नेमकं सांगता येईल.