समुद्रावरची वाळू टाकीत चालेल का?

प्रश्न : नमस्कार ताई, दिवाळीत तारकर्लीला गेलो होतो, तिथून मुलाने हट्टाने पिशवीभर वाळू आणली आणि आता म्हणतो फिश टँकमध्ये टाकू. टाकी दोन फुटी आहे, खाली दुकानातली निळी-गुलाबी खडी, गप्पी आहेत आणि पुढे कोरीडोरास आणायचेत. वाळू चार-पाच पाण्यांनी धुतली तर चालेल ना?

उत्तर : मुलगा रुसेल, पण नको. मीठ काय, धुतलं की जातं हो, भानगड शिंपल्यांच्या चुऱ्याची आहे, तो कितीही धुवा, तिथेच राहतो. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते हळूहळू विरघळत राहतं, पाणी जड होत जातं आणि पीएचपण वर सरकतो. गप्पींना जड पाणी मानवतं, कोरीडोरास मात्र दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधले, त्यातल्या बहुतेकांना हलकं पाणी लागतं.

घरीच बघा ना. चमचाभर वाळू धुवून वाळवा, वाटीत घ्या, वर पांढरं व्हिनेगर टाका. बुडबुडे आले की समजायचं चुना आहे. व्हिनेगर तसं कमजोर, त्यामुळे फसफसून फेस येईलच असं नाही, वाटी कानाशी धरली तर बारीक चुरचुर ऐकू येते. हे काम मुलालाच द्या, रुसवा जाईल. संगमरवराचे पांढरे तुकडे विकतात तेही याच टेस्टमध्ये नापास होतात बरं का.

कोरीडोराससाठी बारीक, गोलसर दाण्याची नदीची वाळू घ्या. हे मासे वाळूत तोंड खुपसून खाणं शोधतात, तोंडात आलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर टाकतात, धारदार खडीवर त्यांच्या मिशा झिजतात. आणि शेजारच्या बांधकामावरून घमेलंभर उचलून आणू नका, हल्ली तिथे बऱ्याचदा क्रश सँड असते म्हणजे दगड फोडून केलेली, बोटांत चोळली की टोचते. मी एकदा आणली होती, नीट धुतलीही नाही, दोन दिवस टाकीत नुसतं राखाडी ताक!

तुमच्या टाकीला दोन इंचांचा थर पुरे, म्हणजे 60 × 30 × 5 सेंमी, नऊ लिटर, वजनात साधारण 14 किलो. थोडी थोडी बादलीत घेऊन नितळ पाणी येईपर्यंत धुवा, साबण अजिबात नको.

जुन्या खडीचा रंग नखाने निघत असेल तर ती सरळ फेका. नसेल निघत तर दोन मुठी जाळीच्या पिशवीत घालून महिनाभर टाकीतच ठेवा, कारण अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया तिच्यावरच बसलेले असतात, आणि वाळू बदलाल त्या आठवड्यात फिल्टरचा स्पंज धुवायला घेऊ नका.

प्रश्न : माझ्या टाकीत चार इंच वाळू आहे, हात घातला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. सगळी उपसून टाकू का?

उत्तर : एकदम नको! खाली ऑक्सिजन पोचत नाही म्हणून हायड्रोजन सल्फाइड तयार झालाय, सगळं एकदम ढवळलंत तर माशांच्या जिवावर बेतेल. दर आठवड्याला पाणी बदलताना एका कोपऱ्यातली वाळू पाइपने ओढून घ्या, थर दोन इंचांवर आला की थांबा. मलेशियन ट्रम्पेट गोगलगायी मिळाल्या तर सोडा, त्या वाळू खालून उकरत राहतात. फक्त पोरं फार होतात त्यांना, खाणं जरा हात राखून टाका.